प्रीमियम मोटरहोम भाड्याने घ्यायचंय? बुकिंगपासून गाडी परत देईपर्यंत काय काय बघायचं

मोटरहोम, म्हणजे आत बेड, स्वयंपाकघर आणि टॉयलेट असलेली गाडी, भाड्याने देणाऱ्या कुठल्याही साइटवर गेलं की पहिल्यांदा काय दिसतं तर मंद लाइट लावलेली बैठक, पांढरीशुभ्र चादर आणि मोठ्या खिडकीतून दिसणारा डोंगर. आपण तिथेच पाघळतो. मी पहिल्या वेळेला अगदी असाच फोटो बघून गाडी बुक केली, गाडी दिसायला खरंच सुंदर होती, पण दुसऱ्याच रात्री बॅटरी संपली आणि हीटरचा पंखा बंद पडला, मुलं जॅकेट घालून झोपली. त्यानंतर बऱ्याच गाड्या घेतल्या, काही छान निघाल्या काही नाही, आणि आता माझं मत पक्कं झालंय की प्रीमियमचे जे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींसाठी मोजायचे. म्हणजे बॅटरी, पाण्याच्या टाक्या, हीटिंग, किती वजन टाकता येतं, इन्शुरन्समध्ये काय वगळलंय, आणि रात्री दहाला फोन केला तर पलीकडून कोणी उचलतं का. लेदरच्या सीट आणि मोठा टीव्ही हे सगळं नंतर.

म्हणून मी ज्या क्रमाने गाडी निवडतो तोच क्रम इथे लिहितोय.

पायरी १: गाडी नाही, आधी रात्री मोजा

ट्रिप किती दिवसांची हे सगळे ठरवतात, पण रात्री कुठे काढणार हे फार कमी लोक ठरवतात आणि खरं तर गाडी त्यावरच ठरते. एक कागद घ्या आणि प्रत्येक रात्रीपुढे लिहा, कॅम्पसाइटवर वीज जोडून राहणार की कुठेतरी विजेशिवाय. सगळ्या रात्री कॅम्पसाइटवर असतील तर मोठी बॅटरी, सोलर वगैरेला जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. उलट सलग दोन-तीन रात्री विजेशिवाय काढायच्या असतील तर तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होते.

दुसरं म्हणजे रोजचं अंतर. फोनमधला मॅप कारचा वेळ दाखवतो, मोटरहोमला त्यात साधारण पाव वेळ अजून धरा. घाटात आणि छोट्या रस्त्यांवर तर त्याहून जास्त. मी दिवसाला २०० ते २५० किलोमीटरच्या वर जात नाही, त्यापेक्षा जास्त केलं की संध्याकाळी अंधारात जागा शोधत फिरावं लागतं आणि एवढी महागडी गाडी घेऊन तिच्यात बसायलाच मिळत नाही. रोज जागा बदलणार असाल तर छोटी गाडी बरी. एका ठिकाणी तीन-चार रात्री थांबणार असाल तर मोठी चालेल, फक्त मग आसपास फिरायचं कसं तेही ठरवा, कारण बाजारात जायला दरवेळी अख्खं घर हलवावं लागतं.

पायरी २: झोपायच्या जागा आणि बेल्टच्या जागा वेगवेगळ्या असतात

ही चूक इतकी कॉमन आहे की वेगळी लिहितो. जाहिरातीत "सहा जणांसाठी" असं असेल तर ते बहुतेक वेळा सहा जण झोपू शकतात या अर्थाने असतं, चालत्या गाडीत बेल्ट लावून बसायच्या सीट चारच असू शकतात. दोन्ही आकडे वेगवेगळे विचारा. लहान मूल असेल तर अजून एक प्रश्न, मागच्या सीट पुढे तोंड करून आहेत का आणि आयसोफिक्स, म्हणजे चाइल्ड सीट थेट अडकवायच्या कड्या, आहेत का. आडव्या बाकावर, म्हणजे गाडीच्या बाजूला तोंड करून बसायच्या सीटवर चाइल्ड सीट लावायची नसते, तिथे बेल्ट दिसला तरी नाही.

आणि माझा एक नियम आहे, जितकी माणसं त्यापेक्षा निदान एका माणसाची झोपायची जागा जास्त असलेली गाडी घ्यायची. जाहिरातीतला शेवटचा बेड जवळपास नेहमी जेवायचं टेबल खाली पाडून, त्यावर गाद्यांचे तुकडे जुळवून केलेला असतो. एक रात्र ठीक आहे. दहा रात्री रोज टेबल पाडायचं, सकाळी गादी उचलायची, मग चहाची भांडी काढायची, तिसऱ्या दिवसापासून घरात चिडचिड सुरू होते. प्रीमियम गाडीत बघायचं ते हे की सगळ्या बेडना रोज जोडाजोडी लागत नाही ना.

पायरी ३: प्रकार आणि आकार

ढोबळमानाने तीन-चार प्रकार आहेत. एक म्हणजे व्हॅनमध्येच घर केलेलं, फियाट डुकाटो किंवा मर्सिडीज स्प्रिंटर किंवा फोर्ड ट्रान्झिटच्या पत्र्याच्या व्हॅनमध्ये, लांबी साधारण साडेपाच ते साडेसहा मीटर. चालवायला कारच्या जवळची, गावातल्या गल्लीत जाते, दोघांसाठी एकदम मस्त. पण मागचा बेड जर आडवा असेल तर लांबी नीट विचारा, व्हॅनच्या रुंदीतच तो बसवलेला असतो आणि बऱ्याचदा १.८५ ते १.९५ मीटर एवढाच असतो. उंच माणसाला रोज पाय दुमडून झोपायला लागतं.

दुसरा प्रकार, पुढचं केबिन कंपनीचं आणि मागे वेगळा डबा बांधलेला. लांबी सहा ते साडेसात मीटर, रुंदी आरसे सोडून साधारण २.३ मीटर. यात केबिनच्या वर फुगवटा असून तिथे बेड असेल तर मुलं खूष, पण वाऱ्याला ती गाडी जास्त हलते आणि डिझेल पण जास्त पिते. फुगवटा नसलेली, छताला लागून ठेवलेला आणि रात्री खाली येणारा बेड असलेली गाडी मला दोन मुलांच्या कुटुंबाला जास्त आवडते. त्याच्यावरचा प्रकार म्हणजे पूर्ण बॉडीच वेगळी, पुढे बससारखी सलग मोठी काच. आत जागा भरपूर, इन्सुलेशन चांगलं, पण ती काच फुटली तर सहज मिळत नाही आणि काही मॉडेलना ड्रायव्हरच्या बाजूला दारच नसतं.

अमेरिकेत हेच क्लास बी, क्लास सी आणि क्लास ए या नावाने विकलं जातं, पुढचा फुगवटा असलेली क्लास सी तिथल्या भाड्याच्या ताफ्यात सगळ्यात जास्त दिसते. तिथल्या गाड्या मोठ्या आणि बऱ्याच पेट्रोलवर चालणाऱ्या असतात, लिटरला साडेतीन-चार किलोमीटर एवढंच ॲव्हरेज धरायचं. युरोपातल्या डिझेल गाड्या लिटरला आठ ते दहा देतात. भाड्याची तुलना करताना हा खर्च शेजारी लिहिला नाही तर स्वस्त वाटणारी गाडी शेवटी महाग पडते.

पायरी ४: लायसन्स आणि वजन

इथे थोडा वेळ थांबा, कारण कंटाळवाणं वाटतं आणि लोक सोडून देतात. युरोपात साध्या कारच्या लायसन्सवर साधारणपणे ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते आणि ही मर्यादा रिकाम्या गाडीची नाही, माणसं सामान पाणी सगळं धरून जास्तीत जास्त किती यायला परवानगी आहे त्याची. प्रीमियम गाड्यांमध्ये सामान जास्त भरलेलं असतं, मोठं फ्रिज, छतावरचा एसी, डबल फ्लोअर (खाली दुहेरी तळ), गाडीच्या बाजूला उघडणारी कापडी छत्री, त्यामुळे गाडी रिकामीच जड असते आणि तुमच्यासाठी थोडंच वजन उरतं. काही गाड्या तर ३,५०० च्या वरच्या असतात आणि त्या तुमच्या लायसन्सवर चालतील की नाही हे कंपनीला लेखी विचारायला लागतं.

हिशोब एकदा करून बघा. समजा गाडीचं तयार वजन ड्रायव्हरसकट ३,०८० किलो आणि मर्यादा ३,५००. उरले ४२०. दुसरं मोठं माणूस आणि दोन मुलं मिळून १३०, टाकी भरून १०० लिटर पाणी म्हणजे १००, चौघांच्या बॅगा ८०, दोन सायकली आणि स्टँड ७०, खुर्च्या टेबल भांडी आणि खायचं सामान ५०. झाले ४३०. म्हणजे काहीही वेडंवाकडं न करता तुम्ही दहा किलो जास्त झालात. पोलिसांनी काट्यावर घेतलं तर दंड होतो तो होतोच, पण ब्रेक आणि टायर यांच्यावरचा ताण ही खरी काळजी आहे, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हाच मुद्दा काढू शकतात. म्हणून "सगळं घेऊन मला किती किलो सामान टाकता येईल" हा प्रश्न आकड्यात विचारायचा. उत्तर "भरपूर" असं आलं तर पुन्हा विचारायचा. अर्धी टाकी पाणी घेऊन निघालात आणि मुक्कामाला पोचल्यावर भरलीत तर ५० किलो तिथेच वाचतात.

परदेशात चालवणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं का ते बघा, आणि लागत असेल तर १९४९ च्या आंतरराष्ट्रीय वाहतूक करारातलं की १९६८ च्या, कारण सगळे देश दोन्ही मानत नाहीत. वयाची अट पण कंपनीगणिक बदलते, मोठ्या गाड्यांना जास्त वय आणि लायसन्सची जास्त वर्षं मागतात.

पायरी ५: पाणी आणि टॉयलेट

घरी आपण शॉवरखाली किती पाणी वापरतो ते कधी मोजत नाही. मोटरहोममध्ये शॉवर मिनिटाला पाच-सात लिटर सोडतो असं धरलं आणि प्रत्येकाने दोन मिनिटंच पाणी चालू ठेवलं तरी चौघांचे ५० लिटर गेले, म्हणजे अर्धी टाकी. शिवाय बऱ्याच गाड्यांत बॉयलर १० लिटरचाच असतो, पहिल्या माणसाची अंघोळ झाली की पुढच्याला वीसेक मिनिटं थांबायचं. हे माहीत असलं तर वैताग होत नाही, आधी कोण जाणार ते ठरवून टाकायचं एवढंच.

टॉयलेटचे दोन प्रकार. युरोपात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे जास्त करून कॅसेट, म्हणजे बाहेरच्या छोट्या दारातून खेचून काढायचा सुटकेससारखा डबा, साधारण १७-२० लिटरचा. दोघांना तीन दिवस पुरतो, चौघांना दीड-दोन दिवस. अमेरिकेत मोठी टाकी आणि जाड पाइप. कॅसेट असेल आणि विजेशिवाय राहणार असाल तर जास्तीची एक कॅसेट मिळेल का विचारा, ही फार कामाची गोष्ट आहे आणि कोणी आपणहून सांगत नाही. वापरलेल्या पाण्याची टाकी वेगळी असते, ती पण तेवढीच मोठी आहे का बघा. स्वच्छ पाण्याची १२० लिटरची आणि सांडपाण्याची ८० ची असेल तर तुमची खरी मर्यादा ८० च्या आसपासच झाली.

न्यूझीलंडसारख्या ठिकाणी तर हे नियमातच आहे. तिथे फ्री कॅम्पिंगच्या बऱ्याच जागांवर फक्त "सेल्फ कंटेन्ड", म्हणजे स्वतःचं पाणी, टॉयलेट आणि सांडपाणी गाडीतच सांभाळणारी, असं सर्टिफिकेट असलेल्या गाडीलाच राहू देतात आणि २०२३ च्या कायद्याने त्यासाठी गाडीत बसवलेलंच टॉयलेट लागतं, बाकाखाली ठेवलेलं सुटं टॉयलेट चालत नाही.

पायरी ६: वीज, आणि इथेच प्रीमियम ओळखू येतं

गाडीत दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनची आणि एक घराची. घराच्या बॅटरीबद्दल दोन गोष्टी विचारा, किती अँपिअर-अवर (म्हणजे किती वीज साठवते) आणि कुठल्या प्रकारची. साधी एजीएम (लेड-ॲसिड बॅटरीचाच एक प्रकार) १०० अँपिअर-अवरची असेल तर कागदावर १२ व्होल्टने १,२०० वॉट-अवर होतात पण तिला अर्ध्याच्या खाली न्यायचं नसतं, म्हणजे हातात ६०० च. कॉम्प्रेसरवाला फ्रिज दिवसभरात त्यातले ४००-५०० एकटाच खाऊ शकतो. मग रात्री हीटरचा पंखा, पाण्याचा पंप, चार फोनचं चार्जिंग, लाइट. माझी ती पहिली रात्र अशीच गेली होती. हीटर गॅसवर चालतो म्हणून मी निर्धास्त होतो, पण गरम हवा फिरवणारा पंखा तर बॅटरीवरच होता ना.

तेवढ्याच अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी असेल तर बहुतेक सगळी वापरता येते, म्हणजे जवळपास दुप्पट. लिथियम, छतावर सोलर आणि चालता चालता नीट चार्ज करणारा चार्जर या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली गाडी मी डोळे झाकून प्रीमियम मानतो, भले आतलं लाकूड साधं असो.

इन्व्हर्टर आहे असं ऐकून खूष होऊ नका, किती वॉटचा आहे ते विचारा. ३०० वॉटवर लॅपटॉप चालेल, इलेक्ट्रिक किटली नाही. किटली १,८०० वॉटची असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ती तब्बल १५० अँपिअर ओढते. घरात कोणाला रात्री श्वासाचं मशीन लागत असेल तर त्याचे वॉट आणि तास कंपनीला आधी सांगा आणि उत्तर मेलवर घ्या, यात अंदाज चालत नाही.

कॅम्पसाइटची वीज पण अमर्याद नसते. युरोपात काही ठिकाणी ६ अँपिअरच मिळतात, २३० व्होल्टने ते १,३८० वॉट होतात, हीटर चालू असताना हेअर ड्रायर लावला की फ्यूज उडालाच. अमेरिकेत ३० किंवा ५० अँपिअरचे खांब असतात, तिथे हा त्रास कमी, पण ३० च्या खांबावर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम चालवताना तिथेही जपून.

आणि एसी. गाडीत एसी आहे म्हणजे कुठला, पुढच्या केबिनचा की छतावरचा? केबिनचा एसी इंजिन चालू असेपर्यंतच. छतावरच्याला बाहेरची वीज किंवा जनरेटर लागतो. जनरेटरच्या वापराचे काही कंपन्या तासावर वेगळे पैसे घेतात आणि बऱ्याच कॅम्पसाइट रात्री तो लावू देत नाहीत. उन्हाळ्यात गरम प्रदेशात जाणार असाल तर एसीच्या भरवशावर विजेशिवाय मुक्काम ठरवू नका.

पायरी ७: थंडीत जाणार असाल तरच हे वाचा

गॅस सिलिंडरमध्ये ब्युटेन आहे की प्रोपेन हे विचारा. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणंच थांबवतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. पाण्याच्या टाक्या गाडीच्या पोटाखाली उघड्या आहेत की आत, डबल फ्लोअरमध्ये, तेही बघा. सांडपाण्याची टाकी उघडी असली की पहाटे गोठते. अजून एक, बॉयलरजवळ एक व्हॉल्व्ह असतो जो तापमान तीनेक अंशांच्या खाली गेलं की आपोआप उघडून सगळं पाणी सोडून देतो, बॉयलर फुटू नये म्हणून. लोकांना वाटतं गळती झाली. गाडी आतून गरम ठेवली तर तो उघडत नाही. वरच्या दर्जाच्या गाड्यांत गरम हवेच्या ऐवजी रेडिएटरमधून गरम द्रव फिरवणारी हीटिंग असते, आल्डे कंपनीची त्यात प्रसिद्ध आहे, ती हळू तापते पण आवाज नाही, आणि ऊब सगळीकडे सारखी.

पायरी ८: कोणाकडून घ्यायची

मोठ्या ताफ्यावाल्या कंपन्या, गाड्या विकणारे डीलर जे भाड्यानेही देतात, आणि ॲपवरून स्वतःची गाडी देणारे मालक. मालकाची गाडी बऱ्याचदा सगळ्यात सुंदर सजवलेली असते आणि तो मनापासून समजावून सांगतो, पण वाटेत गाडी बंद पडली तर बदली गाडी त्याच्याकडे नसते. मोठ्या कंपनीकडे ती असू शकते. मी लांबच्या ट्रिपला मोठी कंपनी आणि चार दिवसांच्या ट्रिपला मालक असं करतो.

बऱ्याच ताफ्यांत प्रीमियम याचा अर्थ मुख्यतः नवी गाडी असा असतो. न्यूझीलंडच्या टीएचएल कंपनीचे माउई, ब्रिट्झ आणि मायटी असे वेगवेगळे ब्रँड आहेत, माउई सगळ्यात नवा आणि महाग, मायटीमध्ये जुन्या गाड्या. म्हणून गाडीचं वर्ष आणि किलोमीटर विचारायचं.

आणि बुकिंगवर छोट्या अक्षरात "किंवा तत्सम" लिहिलेलं असतं ते वाचाच. तुम्ही फोटोतली गाडी बुक करत नाही, एक कॅटेगरी बुक करता. त्या कॅटेगरीत एकीत मागे दोन सिंगल बेड आणि दुसरीत कोपऱ्यातला डबल बेड असू शकतो, जिथे आत झोपलेल्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जायला लागतं. वयस्क आई-वडील बरोबर असतील तर हा फरक छोटा नाही. आमच्या आईला गुडघ्याचा त्रास, तिला शिडीचा बेड चालणारच नव्हता, मी तसं बुकिंगच्या वेळी स्पष्ट लिहून लेआउटची हमी मागितली आणि त्यांनी थोडे पैसे जास्त घेऊन दिली. मागितल्याशिवाय मिळत नाही.

पायरी ९: भाडं सोडून बाकीचे पैसे

रोजचं भाडं हा अर्धाच आकडा समजा. रोज किती किलोमीटर फुकट, त्यावर किती, गाडी दुसऱ्या शहरात सोडायचे किती, चादरी-भांड्यांचा सेट आत आहे का, कॅम्पिंगच्या खुर्च्या, चाइल्ड सीट, दुसरा ड्रायव्हर, गॅस, सुरुवातीची तयारी फी, शेवटची साफसफाई, सीमा ओलांडायची परवानगी. हे सगळं मांडून एकूण रक्कम काढा आणि मग दोन कंपन्यांची तुलना करा, बऱ्याचदा "महाग" कंपनीत सगळं आत असतं आणि फरक उरतच नाही. सिझनमध्ये किमान पाच-सात रात्रींची अट असते.

आता इन्शुरन्स, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. नुकसान झालं तर पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, ती एक्सेस. तेवढी रक्कम गाडी घेताना तुमच्या क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात, कार्ड मुख्य ड्रायव्हरच्या नावावर लागतं आणि डेबिट किंवा प्रीपेड बऱ्याच ठिकाणी चालत नाही, लिमिट पुरेल का ते आधीच बघा. रोजचे थोडे पैसे जास्त देऊन एक्सेस कमी करता येतो. बाहेरच्या कंपनीकडून स्वस्तात एक्सेसचा इन्शुरन्स घेता येतो पण तो नंतर पैसे परत देतो, कार्डावरची रक्कम अडकायची ती अडकतेच.

पण "शून्य एक्सेस" असं मोठ्या अक्षरात वाचून पान उलटू नका, वगळलेल्या गोष्टींची यादी उघडा. छत, गाडीचा खालचा भाग, बाहेरची छत्री, टायर, काच, आतल्या वस्तू, चुकीचं इंधन, कच्चा रस्ता, रिव्हर्स घेताना कोणालाही न धडकता झालेलं नुकसान, यातलं बरंच काही वगळलेलं असतं. आणि मोटरहोमला लागतं ते नेमकं इथेच लागतं ना, झाडाची फांदी छताला, दगड पोटाला, वारा छत्रीला. छत आणि खालचा भाग धरणारी पॉलिसी मिळत असेल तर मी टीव्ही-बिव्ही सगळं सोडून तिच्यावर पैसे घालतो.

मदतीचा फोन २४ तास आहे का, आणि गाडी बंद पडली तर हॉटेलचा खर्च कोण देणार, दुरुस्तीत किती तास गेले की भाडं परत मिळतं, हे करारात शोधा. नसेल तर विचारा, उत्तर मेलवर.

पायरी १०: गाडी ताब्यात घेताना घाई नाही

लांबचं विमान उतरून थेट गाडी घ्यायला जाऊ नका. काही कंपन्यांची अटच असते की आधी एक रात्र हॉटेलमध्ये काढा, आणि ती बरोबर आहे, झोप नसताना सात मीटरची गाडी अनोळखी रस्त्यावर चालवायची नाही. ताब्यात घ्यायला एक ते दोन तास धरा.

मी सगळ्यात आधी मोबाइलवर सलग व्हिडिओ काढतो, चारही बाजू, छत जेवढं दिसेल तेवढं, चाकं, बंपरच्या खालची कड, आत सगळी कपाटं. प्रत्येक ओरखडा कागदावर लिहून सही घेतो. मग समजावणाऱ्या माणसाच्या समोरच सगळं स्वतःच्या हाताने करतो. हीटर लावून गरम हवा येईपर्यंत थांबणं, गरम पाणी सोडणं, सगळे बेड उघडणं, कॅसेट काढून परत बसवणं, छत्री उघडून बंद करणं, विजेची वायर जोडणं. त्याचं बोलणं पण रेकॉर्ड करून ठेवा, तिसऱ्या दिवशी एकही बटण आठवत नसतं.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, पाच-सहा वर्षांच्या वरचे दिसले तर बोला. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चरचं किट तेही बघा. आत कुबट वास येत असेल तर कुठेतरी पाणी झिरपतंय, गाडी बदलून मागा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि फायर एक्स्टिंग्विशर दाखवायला सांगा. डिझेलचं झाकण कुठलं, पाण्याचं कुठलं आणि ॲडब्लूचं (डिझेलचा धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव) कुठलं, तिन्हींवर मी रंगीत टेप लावतो. यात गफलत झाली की इन्शुरन्स देत नाही आणि इंजिनचं काम निघतं.

गाडीची उंची छतावरच्या एसीसकट मीटर आणि फूट दोन्हीत लिहून समोर स्टिअरिंगजवळ चिकटवा. बहुतेक तीन मीटरच्या आसपास असते. मागच्या कॅमेऱ्यात उंची दिसत नाही हे लक्षात ठेवा, पार्किंगचा आडवा दांडा आणि पेट्रोल पंपाचं छप्पर तुमचं तुम्हालाच बघायचंय.

पायरी ११: पहिला दिवस

मोकळ्या पार्किंगमध्ये अर्धा तास फिरवा. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा दीड-दोन मीटर भाग लोंबतो, तुम्ही डावीकडे वळलात की तो उजवीकडे बाहेर फेकला जातो. पंपावरून निघताना एकदम वळून मी एका खांबाला मागचा कोपरा असाच लावला होता, पुढे बघत होतो आणि पुढे तर सगळं मोकळं होतं. सरळ पुढे जा, मग हळू वळा. मागे जाताना कोणीतरी खाली उतरून उभं राहिलंच पाहिजे, आणि ड्रायव्हरला आरशात तो माणूस दिसेनासा झाला की थांबायचं, हा आमच्याकडे ठरलेला नियम आहे.

निघण्याआधी दरवेळी एकच फेरी: वायर काढली, दाराची पायरी आत घेतली, छतावरच्या खिडक्या बंद, गॅस बंद, कपाटं लॉक, फ्रिजचं दार लॉक, टेबलावर काही नाही. मुलांना यातली दोन-तीन कामं वाटून द्या, ती कधी विसरत नाहीत.

पहिली रात्र डेपोपासून तासाभराच्या आत, वीज असलेल्या कॅम्पसाइटवर काढा. काही चालत नसेल तर ते इथे कळतं आणि परत जाता येतं.

परत देताना

शेवटची रात्र पण जवळच काढा. उशिराचा दंड जड असतो आणि साफ करायला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ जातो. कॅसेट आणि सांडपाणी रिकामं करणं जवळपास सगळीकडे तुमचंच काम असतं, नाही केलं तर त्याचे वेगळे पैसे लावतात, म्हणून कॅम्पसाइट सोडतानाच करून टाका. इंधन भरा आणि पावती ठेवा. सुरुवातीसारखाच सलग व्हिडिओ पुन्हा काढा, त्यात किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा येऊ द्या. डेपोतला माणूस घाईत असेल तरी त्याच्याबरोबर गाडीभोवती फेरी मारा आणि नवीन नुकसान नाही असं लिहिलेल्या कागदावर सही घेऊनच किल्ली द्या. कार्डावरची रक्कम सुटायला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात, तोपर्यंत दोन्ही व्हिडिओ डिलीट करू नका.